गावाचा ठराव आणि पाण्याचं विज्ञान

बचत गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, परतफेड, शेळ्या, शिलाई यांवर बोलतोच. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. तो आहे विज्ञानाचा. लगेच रेडिओ बंद करू नका! हे विज्ञान आपल्या स्वयंपाकघरातल्या गुंडात भरलेलं आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः केळापूर, झरी जामणी या भागात, अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते पाण्यात का उतरतं, कुठे जास्त उतरतं, याचा शोध शास्त्रज्ञ घेतात. पण तो शोध कुठवर पोचतो, हे बऱ्याच अंशी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद कशाला महत्त्व देतात यावर ठरतं. आणि तिथे आपला हात पोचतो. एवढंच आज सांगायचं आहे.

आधी फ्लोराइड म्हणजे काय ते बघू. हा खडकातला क्षार आहे. पाण्यात थोडा असला तर त्रास नाही. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर लहान मुलांच्या दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी डाग पडतात. मोठ्या माणसांचे गुडघे, कंबर, मान आखडते. काहींची हाडं वाकतात. आपण म्हणतो, वय झालं, काम फार केलं. तेही खरं असेल, पण कारण पाण्यातही असू शकतं.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडर टाकली तर जंतू मरतात, फ्लोराइडला काही होत नाही. फडक्याने गाळून जात नाही. म्हणून मोजल्याशिवाय ते कळत नाही.

आता प्रश्न असा, की एका बोअरच्या पाण्यात फ्लोराइड भरपूर आणि हाकेच्या अंतरावरच्या जुन्या विहिरीचं पाणी चांगलं, असं का होतं? उत्तर जमिनीखाली आहे. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बसाल्ट खडकाचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याचा. पण वणी, झरी, पांढरकवड्याच्या बाजूला गेलं की खडक बदलतो. तिथे कोळसा निघतो, चुनखडी निघते, आणखी जुने खडक लागतात. काही खडकांतल्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी त्या खडकात जितका जास्त काळ मुरून राहतं, तितकं ते फ्लोराइड ओढून घेतं. उथळ विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी येतं. खोल बोअरचं पाणी फार जुनं असू शकतं. त्यातही पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याला बांधलं जाऊन खाली बसतं. कॅल्शियम कमी असलं तर ते पाण्यातच राहतं. म्हणजे कुठला खडक, किती खोल, पाण्यात आणखी काय, अशा अनेक गोष्टी जुळून येतात. हे समजून घेणं म्हणजे मूलभूत संशोधन. त्यातून लगेच नळ येत नाही, पण पुढचा बोअर कुठे घ्यायचा आणि कुठे मुळीच घ्यायचा नाही, हे त्यावरच ठरतं.

पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराइडवरचा एक अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या देशातल्या नावाजलेल्या विज्ञान पत्रिकेत छापून आला. आपल्या विहिरी आणि बोअर त्या पत्रिकेपर्यंत पोचले, ही साधी गोष्ट नाही.

मग यात ग्रामपंचायतीचा संबंध काय? पंचायत काही शास्त्रज्ञांना पगार देत नाही, प्रयोगशाळा बांधत नाही. पण शास्त्रज्ञ गावात आल्यावर आधी काय विचारतो, याचा विचार करा. बोअर कधी घेतला? किती फुटांवर पाणी लागलं? कुठल्या रंगाचा दगड निघाला? त्याआधी गाव कुठलं पाणी पीत होतं? मागची तपासणी कधी झाली, आकडा किती आला? याची उत्तरं दप्तरात असतील तर त्याचं काम वर्षभर पुढे सरकतं. नसतील तर त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, किंवा तो दुसऱ्या गावाला जातो. बोअरच्या गाडीवाल्याला सगळं ठाऊक असतं. गाडी गावाबाहेर गेली की ती माहितीही तिच्यासोबत गेली.

आणि दप्तरात काय असतं? ज्याचा हिशेब वर मागितला जातो ते असतं. १९७२ चा दुष्काळ आपल्या आई-आज्यांनी पाहिला. तेव्हा खडक फोडणारी यंत्रं आली, हातपंप बसले, त्यांनी जीव वाचवले. त्या वेळी प्राधान्य होतं, पाणी मिळालं पाहिजे. ते बरोबरच होतं. तहानलेल्याला आधी पाणीच लागतं. पण पुढे हिशेब तसाच राहिला. किती बोअर झाले, किती टाक्या बांधल्या, किती घरांत नळ गेले, एवढंच मोजलं गेलं. ज्याची संख्या मागितली जाते त्याची नोंद होते, आणि ज्याची नोंद होते त्याचाच अभ्यास होतो. सरकारी प्राधान्य विज्ञानावर परिणाम करतं ते असं, गुपचूप. कुणी संशोधनाला नाही म्हणत नाही, फक्त प्रश्नच उभा राहत नाही.

आता एक दूरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आयाबाया आहेत आणि एक छोटंसं गाव आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यात ओकली नावाचं गाव आहे. फ्रेडरिक मॅके नावाचे दातांचे डॉक्टर १९०१ पासून मुलांच्या दातांवरच्या तपकिरी डागांचं कोडं सोडवत होते. ते १९२३ साली ओकलीला गेले. तिथल्या आईबापांनी त्यांना सांगितलं, की गावाने पाच मैलांवरच्या कोमट झऱ्यावरून पाइप टाकून पाणी आणलं आणि त्यानंतर मुलांचे दात असे येऊ लागले. मॅके यांनी पाणी तपासून घेतलं. त्यात काही सापडलं नाही, कारण कशाचा शोध घ्यायचा हेच तेव्हा माहीत नव्हतं. तरी त्यांनी गावच्या कारभाऱ्यांना सल्ला दिला, हा पाइप सोडा, जवळच्या दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या.

गावाने ऐकलं. खर्च करून टाकलेला पाइप सोडून दिला. काही वर्षांनी गावातल्या लहान मुलांना नवे पक्के दात आले, ते स्वच्छ आले. कारण पाण्यातच आहे याचा हा मोठा पुरावा ठरला. पुढे १९३१ साली आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट या गावच्या पाण्यात एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने, चर्चिल त्यांचं नाव, फ्लोराइड शोधून काढलं आणि कोडं सुटलं.

यात प्रयोग कुणी केला? ओकलीच्या गावकारभाऱ्यांनी केला. पाण्याचा स्रोत बदलण्याचा त्यांचा ठराव हाच प्रयोग होता. आणि आधी काय, नंतर काय, हे आईबापांना आठवत होतं म्हणून तो प्रयोग कामाला आला. लहान मुलाचे पक्के दात हिरडीच्या आत साधारण आठ वर्षांचा होईपर्यंत घडत असतात. त्या काळात जे पाणी प्यालं, त्याची खूण दातावर उमटते आणि जन्मभर राहते. म्हणजे मुलाचे दात ही त्याच्या लहानपणच्या पाण्याची नोंदवहीच झाली. ती वाचायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, आईची नजर पुरते.

आपल्या देशातही हा आजार उघडकीला आला तो शेतातून. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की बैलांना चालता येईना, औत ओढता येईना. १९३७ साली डॉक्टरांनी तिथल्या माणसांतल्या फ्लोरोसिसची माहिती प्रसिद्ध केली. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची पद्धत तयार केली. संस्था नागपूरची, पण पद्धतीचं नाव ‘नलगोंडा’. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडचा त्रास फार होता, त्यावरून ते नाव पडलं. ज्या जिल्ह्याने दुखणं लपवलं नाही, त्याचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात गेलं.

लपवण्याचा मुद्दा मुद्दामच काढला. आपल्याकडे हा विषय चारचौघांत काढायला लोक कचरतात. गावाचं पाणी खराब म्हणून नाव झालं तर पोरींना स्थळं येणार नाहीत, असं बोललं जातं. मुली हसताना तोंडावर पदर धरतात, ओढणी धरतात. मग ग्रामसभेत कुणी बोलत नाही. पंचायतीलाही वाटतं, कशाला बदनामी. अशा वेळी तपासणीचा कागद फाइलमध्ये राहतो. पण मैत्रिणींनो, डाग लपवले तरी पाणी तेच राहतं, आणि घरातलं पुढचं लेकरू तेच पाणी पिणार आहे. बदनामी पाण्याची होऊ द्या, पोरींची नको.

काही जणी म्हणतील, आम्हाला चांगलं पाणी द्या, संशोधनाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. ज्या गावात आकडा दीडच्या वर आहे, तिथे आज, आत्ता दुसरं पाणी मिळालं पाहिजे. त्यासाठी कुठल्याही अभ्यासाची वाट बघायची नाही. ओकलीने तरी कुठे पाहिली? कारण सापडायच्या आधीच त्यांनी पाणी बदललं. संशोधन पाण्याच्या ऐवजी नको आहे, पाण्याच्या सोबत हवं आहे. नाहीतर काय होतं? एक बोअर बंद पडतो, घाईघाईने दुसरा घेतला जातो, आणखी खोल. तोही फ्लोराइडचाच निघतो. शुद्धीकरणाचं यंत्र बसतं, उद्घाटन होतं. त्याची गाळणी कधी बदलायची, बाहेर पडणारं खारट पाणी कुठे सोडायचं, वीजबिल कोण भरणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. पैसा खर्च होतो आणि शिकायला काहीच मिळत नाही. गावाने पाण्यावर केलेला प्रत्येक खर्च हा एक प्रयोग असतो. लिहून ठेवला तर त्याचा उपयोग शेजारच्या दहा गावांना होतो.

नोंद ठेवणं हे शिकलेल्या साहेबांचं काम, असं वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी बाळाचं वजन केलं, ताप मोजला, श्वास मोजला आणि कागदावर लिहिलं. त्यांनी बाळांवर उपचारही केले. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. हे काम १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, बाळाला तोलतात, त्या पद्धतीची सुरुवात अशा कामातून झाली. ज्या बायांनी ते आकडे लिहिले त्या आपल्यासारख्याच होत्या. आणि खरं सांगायचं तर बचत गटाची वही आपण जितक्या काटेकोर ठेवतो, तितकी फार कमी कार्यालयांत ठेवली जात असेल! रुपयाचा हिशेब ठेवणारीला पाण्याचा हिशेब अवघड नाही.

आता करायचं काय? पाच गोष्टी सांगतो. शक्य असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यावं आणि तपासणी संच द्यावा, असं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीला विचारा. नावं असतील तर संच कुठे आहे ते विचारा. नावंच नसतील तर गटातली नावं द्या. संचात पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बदलतो, तो दिलेल्या तक्त्याशी ताडायचा. ज्या पाण्याबद्दल शंका आली, त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. संच शंका दाखवतो, पक्का आकडा प्रयोगशाळा देते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची वही. गावातली प्रत्येक विहीर, हातपंप, बोअर आणि नळाची टाकी हिला एक क्रमांक द्यायचा. त्यापुढे लिहायचं, कधी खोदलं, किती खोल, कुठला दगड लागला, आता कोण पाणी भरतं, तारीख आणि फ्लोराइडचा आकडा. जुन्या माणसांना विचारून लिहा, ज्यांना आठवतं ते अजून आपल्यात आहेत. तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करा, म्हणजे पावसाने फरक पडतो का ते कळेल. नेहमी त्याच ठिकाणचं पाणी घ्या, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

तिसरी गोष्ट, प्रयोगशाळेचा कागद गावाचा आहे. त्याची प्रत मागा. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि प्रत्येक हातपंपाजवळ मोठ्या अक्षरांत लावायला सांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी रंग लावा. हे पाणी पिण्याचं आणि हे फक्त वापरण्याचं, ढोरांचं पाणी कुठलं, हेही ठरवा.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. त्याआधी महिलांची सभा असते. तिथे ठराव मांडा, की गावाच्या विकास आराखड्यात पाण्याच्या तपासणीला आणि नोंदीला वेगळी रक्कम ठेवावी, आणि नव्या बोअरचं बिल देण्याआधी खोली, खडक आणि पाण्याचा अहवाल दप्तरात जमा झालेला असावा. बिल अडलं की माहिती आपोआप लिहिली जाते! २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ग्रामपंचायतींसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. म्हणजे पाण्याला पैसा नाही असं नसतं, त्यातला किती भाग मोजमापाला द्यायचा, हा प्राधान्याचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा आपल्याच आहेत. तिथे बसलेल्या ताईला सही कुठे करायची एवढंच नको, विचारायचं काय तेही माहीत हवं.

पाचवी गोष्ट तालुक्याची. एका गावाच्या वहीतून फार काही दिसत नाही. पण ग्रामसंघाने आणि प्रभागसंघाने वीस गावांच्या वह्या एका ठिकाणी आणल्या तर नकाशा तयार होतो. कुठल्या नाल्याच्या अलीकडे पाणी चांगलं, पलीकडे वाईट, हे डोळ्यांना दिसायला लागतं. तो नकाशा घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जा. विद्यापीठातली भूगर्भशास्त्राची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, त्यांना बोलवा. जिल्हा नियोजन समितीकडे रिकाम्या हाताने मागणी केली तर ती अर्जांच्या ढिगात जाते. आकडे घेऊन गेलं तर साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

या पाच गोष्टींसोबत घरातली काळजीही घ्या. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी ज्या विहिरीचं पाणी तपासून चांगलं निघालं आहे तेच पाणी ठेवा, प्यायलाही आणि वरण-भाताला, चहालाही. मुलांच्या जेवणात दूध, ताक, हिरव्या भाज्या, लिंबू, आवळा असू द्या. चांगल्या आहाराने शरीराला मदत होते, पण तो चांगल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

सरकारला जे महत्त्वाचं वाटतं त्याकडे विज्ञान वळतं, हे जगभर असंच आहे. दिल्ली-मुंबईला काय महत्त्वाचं वाटावं हे आपण ठरवू शकत नाही. पण सरकारची सगळ्यात खालची पायरी आपल्या गावात आहे, चावडीसमोर आहे. तिच्या दप्तरात कुठला रकाना असावा, हे ठरवायला ग्रामसभेत हात वर करावा लागतो. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वहीचं एक कोरं पान उघडा आणि वर लिहा, ‘आपल्या गावचं पाणी’. पहिली ओळ गावातल्या सगळ्यात जुन्या विहिरीची असू द्या.